शिकाऱ्याची कोंबडी

१२ जानेवारी १९९७, रविवार

पुष्कर आज दुपारच्या गाडीने आला. दारात उभा राहिला तेव्हा क्षणभर ओळख पटली नाही. केस बारीक कापलेले आणि मागे, मानेच्या वर, बोटभर लांब व्रण. विचारलं तर म्हणाला, समुद्र खवळला होता, कोठीच्या लोखंडी शिडीवरून उतरताना पाय घसरला, डोकं मागे आपटलं. टाके पडले, आता बरा आहे. कंपनीने विश्रांतीसाठी घरी पाठवलं. परत कधी बोलावणार, तर 'कळवतील' एवढंच.

चार वर्षं तो प्रवासी जहाजाच्या भटारखान्यात आहे. हॉटेलचं शिक्षण घेतो म्हणाला तेव्हा यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आमच्या घरात चातुर्मासात कांदा-लसूणही बंद, आणि मुलगा परक्यांना मांस शिजवून वाढणार, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. हे जाऊन आता तीन वर्षं होतील. लेक अपूर्वा सांगलीला तिच्या घरी सुखात आहे. पोस्टातून घरी आलं की साताऱ्यात मी आणि माझा रेडिओ. तेव्हा तो कसा का होईना, आला, याचंच मला बरं वाटतं आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

गुळाच्या पोळ्या केल्या. पूर्वी तव्यावर पहिली पोळी पडली की हा गल्लीच्या टोकावरून धावत यायचा. आज पलीकडच्या खोलीत पडून होता, मला हाक मारावी लागली. दोन पोळ्या खाल्ल्या, त्याही मिरचीच्या लोणच्याशी. गुळाच्या पोळीशी लोणचं कोणी खातं का? 'छान झाल्यात' म्हणाला. परदेशचं खाऊन जीभ बदलली असेल. थोडं वाईट वाटलं.

संध्याकाळी शेजारच्या हरणाबाई तिळगूळ घ्यायला आल्या. त्यांचे मालक लष्करात हवालदार होते, ते गेल्यावर त्या वरच्या खोल्या नोकरीवाल्या मुलांना देऊन राहतात. गावाकडचा ऊस पुतण्या बघतो. आमचा वीस वर्षांचा शेजार आहे आणि दोघींच्या मागच्या पडव्या समोरासमोर. पुष्करला म्हणाल्या, "लय वाळलास रं. तिकडं खायाला घालत न्हाईत व्हय?" तो नुसता हसला.

२८ जानेवारी, मंगळवार

पोस्टातून आले तर फाटकापासूनच करपल्याचा वास. दूध आटून पातेलं काळंठिक्कर, घरभर धूर, आणि हा शेजारच्याच खोलीत वर्तमानपत्र वाचत बसलेला. मी चिडून म्हणाले, लक्ष कुठे असतं तुझं? त्याचा चेहरा इतका उतरला की मीच गप्प झाले. पातेलं घेऊन तो मोरीत घासत बसला, काळं निघालं तरी घासतच होता.

त्याच्या मनात काहीतरी आहे. एखादी मुलगी असेल का? विचारायचं धाडस होत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज त्याने एक गोष्ट मागितली. हरणाबाईंकडची मुलं खाणावळीच्या जेवणाला कंटाळली आहेत. त्यांतला बँकेतला विश्वजीत, कवठे महांकाळचा, पुष्करशी गप्पा मारायला येतो. पुष्कर म्हणतो, बसून बसून डोकं फुटायची वेळ आली आहे, मी त्यांच्यासाठी बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी कोंबडी करून देतो. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार कोणी खात नाही आणि रविवारी सगळे गावी जातात.

म्हणजे माझ्या घरात.

पदार्थ एकच, म्हणाला. जहाजावर एक म्हातारा इटालियन आचारी होता. पाहुण्यांच्या दोन पंगतींच्या मधे जो थोडा वेळ मिळायचा त्यात तो आपल्या माणसांसाठी ही कोंबडी टाकायचा. एकच पसरट पातेलं, तासाभरात जेवण तयार. त्याचं इटालियन नाव पुष्करने दोनदा सांगितलं, पण मला ते लिहिता यायचं नाही. अर्थ 'शिकाऱ्याची कोंबडी'.

विचार करून सांगते म्हणाले. यांच्या फोटोकडेही आज बघवलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

हो म्हणाले. मागच्या पडवीत, वेगळी शेगडी, वेगळी भांडी, आणि त्यातलं काहीही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. सगळं कबूल झाला. बऱ्याच दिवसांनी तो जेवताना माझ्याकडे बघून बोलला. हे असते तर काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे. पण हे नाहीत, आणि मुलगा समोर सुकत चाललेला मला बघवत नाही. चूक असेल तर माझी.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघितलं, नाकाला पदर लावून. तेलात तुकडे दोन्ही बाजूंनी लालसर करून बाजूला काढले. त्याच तेलात उभा चिरलेला कांदा, ठेचलेला लसूण, ढबू मिरची. मग उकळत्या पाण्यातून काढून सोललेले टोमॅटो हातानेच चुरून टाकले. वाइनऐवजी उसाचा शिरका, म्हणजे व्हिनेगर. त्यांच्या कसल्याशा पाल्याऐवजी माझ्या कुंडीतली ओव्याची पानं तोडली, मला न विचारता. तुकडे परत आत, झाकण, मंद आच. मसाला नाही, खोबरं नाही, कूट नाही.

हात सराईत आहेत त्याचे. पण प्रत्येक गोष्ट घड्याळ बघून करतो, आणि मधेमधे वाकून झाकणाला कान लावतो. तिकडे असंच शिकवत असतील.

पहिली वाटी हरणाबाईंना. चाखून म्हणाल्या, "ह्यात मसाला न्हाई, वाटण न्हाई. आजाऱ्याचं जेवान हाय ह्ये." मग सबंध वाटी संपवली. पुष्कर त्यांना विचारत राहिला, लसूण पुढे येतोय का, टोमॅटो कच्चा लागतोय का, ओवा जास्त झालाय का. एवढी वर्षं हेच करतो आहे आणि शेजारणीला विचारतो! आत्मविश्वास गेला आहे पोराचा.

मी देवघरात कापूर लावला आणि मग जेवायला बसले. त्याने स्वतः त्यातलं घेतलं नाही. भात, दही आणि चार हिरव्या मिरच्या.

५ मार्च, बुधवार

आता सहा डबे होतात, शिवाय हरणाबाईंची वाटी. मुलं ऑफिसातून सातला येतात, साडेसातला डबे त्यांच्या हातात. विश्वजीत म्हणाला, बुधवार आला की दुपारपासून कामात लक्ष लागत नाही.

एक जुना छोटा फ्रीज घेऊन त्याने पडवीत ठेवला आहे. माझ्या फ्रीजमध्ये ते ठेवू देणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याचं दार मी कधी उघडत नाही, पडवी झाडताना त्याच्या पाठीमागून झाडते.

आज कांदा परतताना त्याने मला हाक मारली, "आई, लसूण करपतोय का गं?" मी आतून म्हणाले, मला काय विचारतोस, मी नाक धरून बसले आहे. तो घड्याळ बघून ढवळत राहिला.

१४ मार्च, शुक्रवार

वाईहून वन्सं आल्या होत्या. पडवीत कोंबडी शिजते आहे हे कळल्यावर पाण्याचा पेलाही न उचलता उठल्या. दारात म्हणाल्या, भावाचं घर म्हणून येत होते. मी म्हणाले, वन्सं, तुमचा भाचा दोन महिन्यांत पहिल्यांदा सरळ बसून जेवतो आहे, मला एवढंच दिसतं. त्या गेल्या. पण वाईट वाटलं नाही, याचंच नवल वाटलं.

८ एप्रिल, पाडवा

गुढी त्याने उभारली. पोवई नाक्याजवळ एक लहानसा गाळा बघून आला आहे. चार बाकं, एक पदार्थ. मी विचारलं, मग जहाज? म्हणाला, जहाज आता नको. का नको, ते सांगितलं नाही. पण मला मनातून इतका आनंद झाला की मी पुढे काही विचारलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

उकाडा असह्य आहे. काल संध्याकाळी आमच्या ओळीची वीज गेली ती आज दुपारी आली म्हणे. मी पोस्टात होते. रात्रभर हातपंखा हलवत बसले.

पुष्कर काल सकाळी अपूर्वाकडे सांगलीला गेला होता, आज दुपारी चारला परतला. आजची कोंबडी काल निघण्यापूर्वीच आणून, धुऊन, मीठ लावून ठेवली होती, त्यामुळे आल्या आल्या कामाला लागला.

आज तिचा वास फारच उग्र होता. एरवी पदराने भागतं, आज दोनदा कापूर लावला आणि शेवटी पुढच्या ओट्यावर जाऊन बसले. ह्या माणसांना कसं खाववतं कोण जाणे. सवय, दुसरं काय.

१७ एप्रिल, गुरुवार

पहाटे विश्वजीतने दार वाजवलं. उभा राहू शकत नव्हता, भिंतीला धरून होता. वरची सहाही मुलं रात्रभर उलट्या करत होती, आणि हरणाबाई जिन्याखाली पडलेल्या सापडल्या. हाक मारली तर डोळे उघडत नव्हत्या.

पुष्करने त्यांना उचलून रिक्षात घातलं. त्याचंही पोट बिघडलं होतं, रात्री रस्सा दोन चमचे चाखला होता म्हणून. दवाखान्यात त्यांना लगेच सलाईन लावलं. त्यांना साखरेचा आजार आहे, त्यामुळे अंगातलं पाणी गेलं ते थेट मूत्रपिंडांवर आलं. मुलं संध्याकाळपर्यंत उठून बसली. हरणाबाई मात्र शुद्धीवर आल्या नाहीत.

डॉक्टरांनी काय काय खाल्लं ते विचारलं. मग पुष्करला म्हणाले, खराब झालेलं मांस कितीही शिजवलं तरी त्यातलं विष जात नाही. शिरक्या-लसणामुळे खाणाऱ्यांना कळलं नसेल, पण शिजवताना वास मारला असेल ना?

तो त्यांच्या टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मी त्याच्या शेजारी उभी होते. मला वास आला होता. मीही बोलले नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

हरणाबाई तशाच. पुष्कर दवाखान्यात.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी तो कपडे बदलायला आला तेव्हा मी त्याला बसवलं. म्हणाले, "मंगळवारी वीज गेली होती, तुझा फ्रीज रात्रभर बंद होता. ते सांगायचं मला सुचलं नाही. पण त्या पातेल्याला घाण येत होती रे. मला वाटलं कोंबडीला अशीच येते. तुला कळायला नको?"

त्याने हातातला सदरा घडी घालून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आई, मला वास येत नाही."

"म्हणजे?"

"कशाचाच नाही. पडल्यापासून. तुझ्या गुळाच्या पोळीचा आला नाही, दूध करपलं त्याचा आला नाही. खारट, आंबट, तिखट जिभेला कळतं. बाकी घास म्हणजे भिजलेला कागद."

जहाजाच्या डॉक्टरला ते पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. कंपनी पुन्हा बोलावणार नाही. वास न येणारा आचारी कोण ठेवील? येईल परत, आज येईल, उद्या येईल, या आशेवर तो इथे आला. ही एक कोंबडी त्याने इतकी केली आहे की कानाने आणि घड्याळाने जमेल असं त्याला वाटलं. आणि जमलंही होतं.

मी म्हणाले, मला का सांगितलं नाहीस?

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. "तुला वास आला होता ना? मग तू का बोलली नाहीस?"

काय सांगणार, मी नाकाला पदर लावून त्याच्यापासून दोन हातांवर उभी होते म्हणून? ज्याला कळलं असतं त्याला वास येत नव्हता, आणि जिला वास येत होता तिला कळून घ्यायचं नव्हतं.

२१ एप्रिल, सोमवार

हरणाबाईंनी डोळे उघडले. नर्सला नाव बरोबर सांगितलं. आम्हाला आत सोडलं नाही. त्यांचा पुतण्या भाऊसो गावाहून आला आहे, तो दारातच आडवा आला. पुष्करला म्हणाला, माझ्या काकीला काही झालं तर तुला सोडणार नाही. पुष्करने मान खाली घातली आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. ऊठ म्हटलं तरी उठेना.

२८ एप्रिल, सोमवार

रजा काढून त्याला सांगलीला नेलं. अपूर्वाने नाक-कान-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती. भले गृहस्थ वाटले. पुष्करच्या नाकाशी एकेक बाटली धरत गेले, लवंग, कॉफी, निलगिरी. तो प्रत्येक वेळी 'नाही' म्हणत गेला, शाळेत हजेरीला म्हणावं तसं. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं आपटलं तेव्हा मेंदूकडे वास नेणारे तंतू तुटले असावेत. इतके महिने काहीच परतलं नाही, तेव्हा आशा फार धरू नका. थोडं आलं तर देवाची कृपा.

अपूर्वा रडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

परत येताना एसटी साखर कारखान्याजवळून गेली. मळीचा वास गाडीत भरला, सगळ्यांनी रुमाल लावले. तो खिडकीला डोकं टेकून शांत झोपला होता. मी रुमाल लावला नाही.

११ मे, रविवार

हरणाबाई घरी आल्या. अर्ध्या झाल्या आहेत. भाऊसो पोलिसात जायचं म्हणत होता, त्यांनी नको म्हणून त्याला गावी पाठवलं, हे मला विश्वजीतकडून कळलं. मी पेज घेऊन गेले. त्यांनी दार अर्धंच उघडलं. म्हणाल्या, "ठिवा तितं." मी ओट्यावर ठेवली. संध्याकाळी भांडं तसंच भरलेलं होतं.

त्यांच्या मागच्या पडवीचं दार, जे वीस वर्षं दिवसभर उघडं असायचं, ते आता बंद असतं.

२३ मे, शुक्रवार

पुष्करने पडवीतली भांडी घासून पोत्यात भरली. पुण्याला एका हॉटेलात कोठीवर माणूस हवा आहे, मालाची आवक-जावक बघायला. तिथे नाक लागत नाही, म्हणाला. सोमवारी जाऊन भेटणार होता.

मी दिवसभर पोस्टात रजिस्टरं चढवत होते आणि डोक्यात एकच चाललं होतं. घरी आले आणि म्हणाले, मला शिकव.

काय शिकवू?

चांगल्या कोंबडीचा वास कसा असतो ते.

तो म्हणाला, तुला नाही जमणार आई, आणि तू माझ्यासाठी हे करू नकोस. मी म्हणाले, करणार.

खरं काय ते इथे तरी लिहावं. त्याच्यासाठीच करते आहे का, की हरणाबाईंच्या अंगावर जे आलं त्यात माझाही वाटा आहे म्हणून, की तो पुण्याला गेला तर हे घर पुन्हा रिकामं होईल म्हणून, मला वेगळं करून सांगता येत नाही. तिन्ही असेल.

२८ मे, बुधवार

सकाळी लवकर बाळासोच्या दुकानात गेलो. पुष्करचा नेहमीचा दुकानदार. मला बघून तो हात पुसत उठला, चुकून आलात का असं तोंडावर होतं. पुष्करने त्याला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. बाळासोने एक आताच कापलेली कोंबडी आणि एक कालची, शिळी, फेकायला काढलेली, अशा दोन्ही समोर ठेवल्या.

मी पदर कमरेला खोचला. वाकले.

ताजीला जवळजवळ वासच नसतो. मला हे माहीतच नव्हतं. ओल्या दगडाचा, थोडा लोखंडाचा, बस. शिळीकडे वाकले आणि त्या बुधवारची संध्याकाळ अंगावर आली. तोच वास. बाहेर जाऊन उलटी केली, तोंड धुतलं आणि परत आत गेले. पुष्कर म्हणाला पुरे. मी डोळे मिटले आणि बाळासोला म्हणाले, आता जागा बदलून ठेवा, कुठली ताजी ते मी सांगते.

सांगितलं. पुन्हा बदलून ठेवली, पुन्हा सांगितलं.

घरी आल्यावर आंघोळ केली तरी दिवसभर जेवण गेलं नाही. पुष्कर सोमवारी पुण्याला गेलाच नाही.

१ जून, रविवार

देवापुढे बसले तर मन लागेना. मी काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. नुसती बसले. यांचा फोटो पुसला. आज त्यांच्याकडे बघता आलं.

४ जून, बुधवार

काल हरणाबाईंच्या दारात जाऊन म्हणाले होते, उद्या संध्याकाळी या. कोंबडी करतो आहोत, मी त्याच्या शेजारी उभी राहणार आहे. तुम्ही पहिल्या. त्यांनी दार लावून घेतलं नाही. मी तेवढ्यावरून परतले.

आज सकाळी कोंबडी मी निवडली. पोस्टातून आले ती सरळ पडवीत. पुष्करने तुकडे तेलात सोडले. त्याने विचारायचं आणि मी सांगायचं असं ठरलं होतं. कांदा? अजून कच्चा. आता? आता गोड यायला लागला. लसूण? सोड, आत्ता सोड. टोमॅटो पडले तेव्हा आधी नुसता आंबट वास आला, मग हळूहळू त्यातला कच्चेपणा गेला. ते मी त्याला सांगत होते आणि तो मान हलवत होता. ओव्याचं पान मीच चुरून टाकलं. अर्धा तास मी त्या पातेल्यावर उभी होते.

साडेसात झाले. हरणाबाई आल्या नाहीत. पुष्करने गॅस बंद केला आणि पायरीवर बसला.

मग समोरच्या पडवीचं दार उघडलं. काठी टेकत त्या अंगण ओलांडून आल्या. पाट दिला तर नको म्हणाल्या, खुर्चीवर बसल्या. पुष्करने ताट वाढून पुढे ठेवलं. दोन तुकडे, रस्सा, भात. त्यांनी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"वास घेतला म्हनता. खाऊन बघितलं का तुमी?"

मी म्हणाले, हरणाबाई, तुम्हाला ठाऊक आहे...

"ठावं हाय. म्हनूनच इच्यारती. मी मरत हुते ताई. चार दिस मला कोन कुठलं कळत नव्हतं. आता तुमी म्हनता चांगली हाय, आन् मी ती खायाची." त्यांनी ताट माझ्याकडे सरकवलं. "आदी तुमी खावा."

पुष्कर उठून म्हणाला, मावशी, ती नाही खात, मी खातो. हरणाबाई म्हणाल्या, "तुला इच्यारलं न्हाई रं. तुला कळत न्हाई."

हे त्या रागाने बोलल्या नाहीत, आणि खोटंही बोलल्या नाहीत. ज्या माझ्या शब्दावर जीव सोपवणार होत्या त्यांचं मागणं वाजवी होतं. माझ्या जन्मात मी अंडंसुद्धा तोंडाला लावलेलं नाही. आईची आठवण आली. वन्संची आली. यांची आली. कोणाचीच परवानगी मागण्यासारखी वेळ नव्हती. मी पडवीतच, त्यांच्यासमोर खाली बसले आणि ताट पुढे घेतलं.

भाताला रस्सा लावून एक लहान तुकडा तोंडात घातला. पाणी न घेता गिळला. मग दुसरा, कारण पहिल्याचं मला काही कळलंच नव्हतं.

पुष्कर माझ्यासमोर उकिडवा बसला होता. हळूच म्हणाला, "आई, कशी लागतेय?"

फेब्रुवारीपासून हे त्याने किती जणांना विचारलं असेल. मी डोळे मिटले. मांसाची चव कशी सांगायची यासाठी माझ्याकडे शब्द नाहीत, म्हणून जे कळत होतं तेच सांगितलं. टोमॅटो आपल्या सारासारखा आधी पुढे येतो. त्याच्यामागून कांद्याची गोडी येते, पण ती साखरेची नाही, शिजून आलेली. लसूण आहे, पण आपणहून बोलत नाही. ओवा सगळ्यात शेवटी, गिळून झाल्यावर, घशाशी. आणि मीठ थोडं कमी वाटतंय.

तो एकेक शब्द ऐकत होता. गिळत होता म्हणावं तर चालेल. माझं संपल्यावर म्हणाला, "मीठ बरोबर आहे आई. ते मला अजून कळतं."

हरणाबाईंनी माझ्या तोंडाकडे आणखी थोडा वेळ बघितलं. मग हात पुढे केला, ताट माझ्यासमोरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि मी जिथे थांबले होते तिथून जेवायला सुरुवात केली.